बंड अडलं जावयापाशी

—न्हाई न्हाई, आता बोलायचं न्हाई, मावशी. पॅक लावला की गप पडायचं. हसायचं न्हाई, मान हलवायची न्हाई— बोललात की तडकतो, आन तडकला की परत पहिल्यापासून. बोलायचं काम माझ्याकडं. पौडच्या स्टँडावर कुणालाबी विचारा, मोनालीच्या पार्लरात तोंड उजळतं आन कान किटत्यात. तुमची मातर कमाल हाय हां, आल्यापासून एकदाबी हसला न्हाई. 'तोंडाला लावत्यात ते लाव' म्हनालात आन बसलात खुर्चीत. घरात काई कार्य हाय का? मान नका हलवू! बोट हलवा नुसतं. हाय? न्हाई? मधीच लटकलंय व्हय— अजून ठरायचंय! ठरंल, ठरंल. ही ओढणी बाजूला टाकते, पॅकमधी लोळती सारखी. हां, आता पडा निवांत.

काय बघताय— फोटो? व्हय, मीच ती! फाटकं लुगडं, हातात मशाल, तोंडाला काजळी. पिक्चरमधली हाय मी, मावशी! आवो, हितं जवळ रिहे गावात शूटिंग झालं न्हाई का, भात कापून झाल्यावर, रिकाम्या खाचरात? पुठ्ठ्याचा राजवाडा उभा केलता, लांबनं बघाल तर मुजरा कराल, आन मागनं बघाल तर नुसतं बांबू. गोष्ट अशी— एक राजा हाय, माजलेला. रयतेचं धान्य उचलतोय. मग रयत उठती, क्रांती! आन त्या क्रांतीत राजाच्या फौजेतला शिपाई आन बंडवाल्यांची पोरगी, दोघांचं जमतं. हिकडं दगडफेक, तिकडं डोळ्यात डोळं. रडू येतं, खरंच. म्या शूटिंग बघतानाच दोनदा रडले, आन तवा तर हिरॉईन चहा पीत हुती.

मला घेतलं हुतं मेकअपला. हिरॉईनच्या न्हाई वो, रयतेच्या! रयतेला काजळी फासायची, फौजेला जखमा काढायच्या. आता त्या शूटिंगवाल्यांनी काय केलं— रयत घेतली रिह्याची आन फौज घेतली वड्यापल्याडच्या वाडीची. त्यांना काय ठावं! रिह्याच्या निम्म्या लेकी दिल्यात त्या वाडीत, आन वाडीच्या पोरी रिह्याच्या सुना. म्हंजे फौज कसली, समदे जावई आन व्याहीच उभे, हातात ढाली घेऊन! डायरेक्टर सायेब भोंग्यात वरडले— 'हल्ला!' आन मशाली घेऊन निघाल्या की बाया, काय तो आवेश, माझ्या अंगावर काटा आला. सगळ्यात पुढं कोंडाबाई. धावत गेली, फौजेपाशी पोचली, आन समोर कोण? हनुमंत! तिचा थोरला जावई. थांबली. मशाल खाली घेतली, पदर सारखा केला आन म्हनली, 'जावईबापू, जेवलात का?' तो गडीबी असला सज्जन, ढाल बाजूला ठेवून वाकला पाया पडायला, तर डोक्यावरचं शिरस्त्राण गडगडत गेलं खाचरात. बाकीच्यांचं तर इचारूच नका. एकीला दिसला व्याही, तिनं डोक्यावरनं पदर घेतला आन उलटी फिरली. एकीच्या नणंदेचा सासरा, ती राजवाड्याच्या मागं जाऊन बसली. आख्खी क्रांती डोक्यावर पदर घेऊन पाठमोरी उभी!

—हसू नका! हसू नका म्हनलं ना! बघा, तडकला डाव्या गालावर. असू दे, लिंपते. माझ्यापुढं हसत्यातच माणसं, सवय हाय मला.

मग ती मृण्मयी आली पळत, सायबांची असिस्टंट, पुण्याची, गोड पोरगी पर उन्हानं टमाटं झाल्याली. 'काकू, ते जावई नाहीत, ते राजाचे सैनिक आहेत.' कोंडाबाई म्हनली, 'आजच्या दिवस राजाचं असतील, बाई. माझ्या लेकीचं रोजचं हायेत. उद्या तिनं काय ऐकून घ्यायचं?' आता हाय का बोलायची सोय? परत हल्ला, परत तेच. ऊन निघालं उतरायला. सायेब डोकं धरून बसले. मृण्मयी म्हनली, पुढं अशी बाई पाहिजे जिचं पलीकडं कुणीच नाही, ती भिडली की बाकीच्या भिडतील. आन कोंडाबाईनं बोट केलं माझ्याकडं— 'ही पार्लरवाली घ्या. हिचं हितं कोणबी न्हाई.'

आता ती वंगाळ म्हनून न्हाई बोलली. खरंच हाय ते. माझं माहेर भोरकडं, सासर— ते सुटलं. सहा वर्सं झाली. पर लागलं मला, मावशी. हातात काजळीची वाटी, आन समद्या बाया माझ्याकडं बघतायत, हिला कुणाची भीड न्हाई म्हनून. लई लागलं. पर लुगडं नेसले, मशाल घेतली आन ठरवलं, फोडायचाच आज राजवाडा.

आन समोर कोण, सांगा? तानाजी. हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो तो. सकाळी त्याच्या कपाळाला मीच जखम काढली हुती, तवा लई हालत हुता. म्हनलं, 'गप ऱ्हावा, जखम वाकडी व्हईल.' तर म्हनतो, 'व्हऊ दे की, परत काढा.' आगाव! आन डाव्या गालाला खळी. डाव्याच हां, उजव्याला न्हाई. हसू दाबायला गेला की आधी ती खळी पडती, मग हसू येतं. तर मी अशी धावत गेले— वरडत, शिव्या घालत, शिव्या माझ्या मनानं घातल्या, त्या न्हवत्या लिहिल्याल्या— माझ्या मागनं समद्या बाया सुटल्या. खरी क्रांती झाली, मावशी! धुरळाच धुरळा. मला काम काय, तर त्याची ढाल हिसकायची आन त्याला पाडायचं. धरली ढाल. तो हळूच म्हनतो, 'हाण की.' आन खळी पडली. आन मी, मावशी, पदर घेतला आन त्याचं तोंड पुसलं.

पुसलं! क्रांती चालू हाय, चहूकडनं माणसं पडतायत, आन मी फौजेचं तोंड पुसतीया. सायबांचं ध्यान हिरोकडं, कुणी बघितलं न्हाई. मला वाटलं, सुटले. कसली सुटते! ट्रेलर आला, त्यात हिरो-हिरॉईन मिठी मारत्यात, आन त्यांच्या मागं, लख्ख, मी. आख्ख्या मुळशीनं मोबाईल थांबवून थांबवून बघितलं. समद्यांना सांगितलं, काजळी डोळ्यात गेल्ती त्याच्या, मेकअपवालीचा हात, आपसूक उठला. तुमाला सांगू? तुमी तर काय वाटेवरचं गिऱ्हाईक, परत येणार न्हाई, आन आता तोंडबी उघडता येत न्हाई तुमाला. डोळ्यात काईबी गेलं न्हवतं. काजळी तर त्याला लावलीच न्हवती म्या.

आता रोज येतो. ड्यूटी संपली की गाडी स्टँडाजवळ लावतो आन पायरीवर बसतो, आत येत न्हाई, बायकांचं पार्लर म्हनून. पायरीवरच इचारलं त्यानं. चौतीस वर्साचा हाय, लगीन जमंना. पोरींना मारुंजीला फ्लॅट पाहिजे, आन ह्याचं घर वाडीत, आई आन दोन म्हशी. मी म्हनलं, मला फ्लॅट नको, म्हशीबी चालतील, पर आई! एक सासू बघितलीया म्या. तिनं मला कधी नावानं हाक मारली न्हाई, 'ए' म्हनायची. चार वर्सं 'ए' म्हनून काढली. हसले तर हसले का, बोलले तर बोलले का. मग मीच निघून आले. तवाच म्हनलं तानाजीला, तुझ्या वाडीत तुझ्या आईचं राज्य. राजा परवडला, मी बंड करीन. आन ऐकलंय ते काई बरं न्हाई, मावशी. लई कडक बाई हाय म्हनं. वाडीतल्या बाया तिच्या दारावरनं जाताना चपलांचा आवाज करत न्हाईत. तिनं ट्रेलर बघितला आन एवढंच म्हनली, 'मी बघीन माझी मी.' कवा, कसं, काय न्हाई. असं वाटतं, येऊन टाकू दे एकदाची— आन असं वाटतं, नकोच. ती न्हाई म्हनली तर तानाजी काय तिच्या शब्दाभायेर जायचा न्हाई. मग पायरी रिकामी. रिकाम्या पायरीकडं नुसतं बघायचं मी? न्हाई जमायचं मला, मावशी. आता न्हाई जमायचं.

पर माझी तयारी झालीया हां! जांभळी साडी काढून ठेवलीया. पोहे करायचं, कांदा बारीक चिरून. सोडचिठ्ठीचं पहिल्या भेटीत काढायचं न्हाई. आन मुख्य म्हंजे बोलायचं न्हाई. तानाजीनंच सांगितलंय, 'आईपुढं जरा कमी बोल, तिला जास्त बोलल्यालं खपत न्हाई.' म्हनून सराव करते, आरशापुढं. मान खाली, 'व्हय', 'न्हाई', 'पाणी आणू का'. बास. कुणी इचारलं तर सांगायचं, मी तशी कमीच बोलते. —पुन्यांदा हसताय? असं काय हाय त्यात! आता तर समदाच तडकला की वो. चला, वाळलाच हुता, धुते. डोळं मिटा. पाणी कोमट हाय. कपाळ... नाक... कातडी चांगली हाय तुमची, उन्हानं रापलीया एवढंच. हा उजवा गाल झाला. आन हा डावा—

हसा.

म्हंजे, हसला हुतात ना आत्ता. परत एकदा.

तुमी... कुठल्या गावच्या, ते इचारायचंच ऱ्हायलं.

माझी ओढणी कुटं गेली? हितंच टाकली हुती... तुमच्या पाठीखाली हाय. जरा पुढं व्हता का? न्हाई, तुमी नका उठू, तुमी बसा, घेते मी. डोक्यावर— काय? ऱ्हाऊ दे म्हनता? काढू? बरं.

व्हय. मोनालीच. मोनालीच नाव हाय.

पुढं सांग म्हनता? पुढं काय न्हाई.

न्हाई वो, आई. मी तशी कमीच बोलते.