कात्रीची जागा

— नाही नाही, परीक्षा कसली ताई, चुकायचा प्रश्नच नाही, ही कार्डं घ्या आणि जे जे एकत्र ठेवावंसं वाटतं ते एकत्र ठेवा — घरातल्याच वस्तू लिहिल्यात, कात्री, टॉर्च, दोऱ्याची रिळं, चहाची गाळणी — लेकीच्या ॲडमिशनची रांग इतक्यात हलायची नाही, मी रोज बघतो ना, खिडकीतले साहेब जेवून आल्याशिवाय काही खरं नाही. बसा. नियम असा की तुम्ही कार्डं लावताना मी तोंड उघडायचं नाही, आमच्या मॅडमनी वर्गात बजावून सांगितलंय. तर हा मी गप्प.

मी? विद्यार्थीच हो! हसा, हसा, सगळेच हसतात — या वयात एम.ए., आणि तेही इन्फर्मेशन आर्किटेक्चर, नॉलेज मॅनेजमेंट — म्हणजे काय, तर पसारा असा लावायचा की परक्या माणसाच्याही हाताला हवं ते लागलं पाहिजे, मग तो वेबसाइटचा असो नाहीतर कपाटाचा. वर्गातली पोरं आजोबा म्हणतात. म्हणू देत, कोणीतरी हाक मारतंय हे काय कमी आहे? घरी कोण आहे — आमची ही गेली मागच्या वर्षी, मुलगा परदेशात, रविवारी फोन करतो, बाबा जेवलात का, जेवलो म्हटलं की संपलं. आणि अहो, ही गेली आणि मला माझ्याच घरात काही सापडेना! एकदा संध्याकाळी दिवे गेले, मेणबत्ती शोधत भिंतीला धरून फिरतोय, आणि सवयीनं ओरडलो — अगं, कुठं ठेवलीयस? मग तिथंच खाली बसलो. फार एकटं वाटलं हो. म्हणून आलो शिकायला.

टॉर्च किल्ल्यांबरोबर? ठीक, ठीक, मी काही बोललो नाही.

तर पहिल्याच सेमिस्टरला प्रोजेक्ट — एखादी जागा नव्यानं लावा. मी घरच घेतलं लावायला. कापायचं सगळं एका खणात, उजेडाचं दुसऱ्यात, प्रत्येक खणाला चिठ्ठी. आमच्या हिला पद्धत अशी नव्हतीच — दोरा गाळणीशेजारी, कात्री औषधांच्या डब्यात! सगळं उपसलं, घर चकाचक. आता डोळे मिटून मागाल ते काढून देतो. मॅडम खूश झाल्या, पण म्हणाल्या, आधीची रचना कुठाय? आधी होतं तसं टिपून घ्यायचं आणि मगच हात लावायचा, हे पहिल्या तासाला शिकवलेलं, आणि मी शहाणा — पसाऱ्याचं काय टिपायचं, म्हटलं. म्हणजे तिची मांडणी मी कायमची पुसली. आता काही शोधावंच लागत नाही ताई, मग हाक तरी कुणाला मारायची? दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही. आठवेल तसं एकेक परत तिच्या जागी ठेवतोय — कात्री सोडून, औषधांत कात्री म्हणजे हद्दच! बाकीचं आठवतच नाही. ती काय विचार करून ठेवायची ते कळलं तर जमेल, म्हणून ही कार्डं घेऊन तुमच्यासारख्यांना विचारत फिरतो. प्रोजेक्ट? तो केव्हाच दिला हो. पासही झालो.

थांबा — कात्री कुठं ठेवलीत? गोळ्यांबरोबर? नाही, चूक नाही, चूक काहीच नसतं, पण — विचारायला मनाई आहे मला, तरी विचारतो — का?

स्ट्रिप कापायला. कुणाची? — मिस्टरांची, म्हणता… रोजची तेवढी कापून पानाशेजारी ठेवायची, नाहीतर ते विसरतात…

माझ्याही पानाशेजारी असायची हो. ब्लडप्रेशरची. एकेक कापलेली. मला वाटायचं — छे, मला काहीच वाटायचं नाही, समोर आली की गिळायचो. आता अख्खी स्ट्रिप खणात असते आणि मी घ्यायची विसरतो.

राहू द्या, उरलेली कार्डं राहू द्या. द्या इकडं. रांग हलली बघा तुमची, लेक हात करतेय — जा, जा तुम्ही. मलाही घरी जायचंय, कात्री जागेवर ठेवायचीय.