मधले तीन तास

साहेब : दोन विमानतळांमध्ये रस्त्याने पाच तास कसे, बाई? सकाळी तुमचे मिस्टर सांभाळतात त्या विमानतळावरून निघालो आणि दोन तासांत तुम्ही सांभाळता त्या विमानतळावर येऊन बसलोय. वाटेत चहासुद्धा झाला.

बाई : तुमचा ड्रायव्हर गाडी उडवत असेल.

साहेब : माझा ड्रायव्हर सायकलवाल्यालाही वाट देतो. हे बघा, नियम सरळ आहे. दोन विमानतळ रस्त्याने तीन तासांच्या आत असतील, तर एकाला कुलूप. म्हणून तर मला तपासणीला पाठवलंय.

बाई : थांबा, त्यांनाच विचारू. गेली सहा वर्षं दर शनिवारी त्याच रस्त्याने घरी येतात. फोन स्पीकरवर टाकते... अहो, तुमच्या विमानतळावरून इथे घरी यायला किती वेळ लागतो?

नवरा : पाच तास. का गं? घाट, ट्रक, रस्त्याची नुसती चाळण...

साहेब : नमस्कार. सकाळी तुमच्याकडे आलो होतो, तोच मी.

नवरा : पोचलात? एवढ्यात?

बाई : साहेब दोन तासांत आले. तुम्ही मधले तीन तास कुठे असता?

नवरा : अगं, मी जरा हळू चालवतो.

बाई : इतकी हळू चालवलीत तर मागचे लोक ढकलत आणतील तुम्हाला.

साहेब : मी बाहेर बसू का?

बाई : बसा हो इथेच, साक्षीला कुणीतरी हवं. कोण आहे ती?

नवरा : ह्या गुडघ्यांवर कोण भाळणार आहे? तळ्यापाशी गाडी लावतो, सीट मागे टाकतो आणि झोपतो.

बाई : घरी काय गादीला काटे आहेत?

नवरा : घरी दारातच तू म्हणतेस, बरं झालं आलात, नळ गळतोय. मग तुझ्या भावाची भांडणं. इथे आठवडाभर प्रवासी डोकं खातात. त्या तीन तासांत मी कुणाचा नवरा नसतो की कुणाचा साहेब नसतो. फार बरं वाटतं गं.

साहेब : खरं सांगू? मला पटतंय.

बाई : तुम्हाला विचारलं का कुणी? आणि अहो, विमानाने पंचवीस मिनिटं लागतात, तर तुम्ही म्हणता त्यात जागाच नसते! रोज माझ्या डोळ्यांदेखत उतरतं ते विमान. सात माणसं बाहेर येतात, त्यात दोन वैमानिक.

नवरा : मग कधी बोलली का नाहीस?

बाई : म्हटलं, नसेल यायचं लवकर. पण घाटात काही झालं की काय म्हणून दर शनिवारी माझा जीव टांगणीला लागतो, त्याचं काय?

नवरा : हे मला ठाऊक नव्हतं. चुकलं माझं. साहेब, लिहा दोन तास.

साहेब : मग तुमचा विमानतळ बंद. तुमची बदली इथे, बाईंच्या हाताखाली.

नवरा : असू दे. लिहा.

बाई : काही नका लिहू! सहा दिवस मीही कुणाची बायको नसते, मलाही बरं वाटतं. पाचच लिहा.

साहेब : अहो, मी स्वतः दोन तासांत आलोय!

बाई : तुम्ही कुठे घरी जात होतात?

साहेब : ...असं करतो. परत जाताना मीही त्या तळ्यापाशी झोप काढतो. मग साडेतीन तास लिहायला मी मोकळा.

नवरा : झाडाखाली लावा, साहेब. दुपारी सावली असते.

बाई : आणि तुम्ही हो, शनिवारी तळ्याशी आलात की एक फोन करायचा. नुसतं 'आलो' म्हणा आणि झोपा.