बावीस खोकी आणि एक ट्रंक

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. वस्तू घरात आली, तर तिचं खोकं ठेवावं की टाकावं? ठेवावं म्हणणारे, हात वर! — बघा, अख्खा मंडप! मघाशी देवाचं नाव घ्या म्हटलं तेव्हा एवढे हात नव्हते!

तर ऐका. तासगावात बळवंतराव इनामके म्हणून निवृत्त मास्तर. काहीही आणलं की पहिलं वाक्य — "कुमुद, खोकं फाडू नकोस! परत करायची वेळ आली तर?" मिक्सरचं खोकं, पंख्याचं खोकं, बारा वर्षं बिनतक्रार चालणाऱ्या इस्त्रीचं खोकं! बावीस खोकी! कुमुदताई पाहुण्यांना सांगायच्या, "बसा, पण तिकडे नको — ती जागा पंख्याच्या खोक्याची आहे."

एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. खोकं हे एवढं उंच! ठेवायचं कुठे? मास्तर माळ्यावर चढले, आणि एक जुनी ट्रंक भंगारवाल्याला देऊन टाकली!

कोणती ट्रंक? अहो, कुमुदताई लग्न होऊन आल्या ती! झाकणावर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने त्यांचं नाव रंगवलं होतं!

बाईंनी माळा पाहिला. "इस्त्रीचं खोकं आहे... आणि माझी ट्रंक नाही?"

मास्तर म्हणतात, "अगं, इस्त्रीचं कधी लागेल सांगता येतं का?"

काय करावं या माणसाला! बाईंनी त्याच उंच खोक्यात सहा साड्या भरल्या, सुतळी आवळली, आणि गाठलं माहेर — मिरज!

तीन दिवस मास्तर ताठ. ज्याला 'फाडू नकोस' म्हणावं, असंही घरात कुणी नाही! चौथ्या दिवशी यंत्र गळायला लागलं. दुकानदार म्हणाला, "बदलून देतो सर. खोकं आणा."

मास्तर मिरजेला. दारात मेहुणे संपतराव. "या दाजी! खोकं न्यायला आलात की ताईला?"

"दोन्ही."

"खोकं घ्या. ताई मात्र मूळ पॅकिंगशिवाय मिळणार नाही. ट्रंक आणा!"

मास्तर म्हणाले, "संपतराव, जी वस्तू परत करावी लागेल असं वाटतं, तिचं खोकं मी ठेवतो. हिला परत करायचं माझ्या मनात कधी आलंच नाही हो. म्हणून ट्रंकेचं भान राहिलं नाही."

आतून आवाज — "मला विचारायला तोंड नव्हतं? माझ्या वडिलांचा हात फिरला होता त्या झाकणावर!"

मास्तरांनी कोपऱ्यातलं खोकं ओढलं, आणि — चर्रर्र! उभं फाडलं!

बाई धावत बाहेर. "अहो! यंत्र बदलायचं होतं ना?"

"गळू दे."

ट्रंक? नाही मिळाली, मंडळी. भंगारवाल्याकडे परत देण्याची सोय नसते. साड्या मांडीवर घेऊन दोघं एसटीने घरी आली. यंत्र अजून गळतंय. खाली पातेलं असतं, ते मास्तर ओततात.

आता तुमचं बोला! सुनेचं खोकं ठेवलंय ना माळ्यावर — 'नाही जमलं तर बघू'? देवाचंही ठेवलंय! नवस फळला नाही की हा देव परत, दुसरा आणा! अरे, पांडुरंगाने तुमची खोकी जपून ठेवली असती, तर आज या मंडपात किती जण उरले असते? आपण उरलो असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर!

...का? आता का खाली?