शेडनेटमधला रविवार

न्हाई ठेवला, पाळकसाहेब, कुणीच माझ्यावर इश्वास न्हाई ठेवला. घसा फोडून सांगितलं — घरात सांगितलं, बायकांच्या प्रार्थनेत सांगितलं — की बियाण्याच्या मिरचीला आठवड्याची सुट्टी चालत न्हाई. बसा ना, उभे काहून? तुम्ही ह्या भागात नवे, शेडनेटमधलं, ह्या जाळीच्या मांडवातलं काम तुम्हाला कुणी दाखवलं नसंल. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी धरायची, तिच्यातला नर चिमट्यानं काढायचा. सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाची पावडर आणून तिला लावायची, दोरा बांधायचा. झालं क्रॉसिंग. एक दिवस चुकला की कळ्या आपल्या आपण फळतात, ते बी चांगल्यात मिसळतं आन् बी घेणाऱ्या कंपनीच्या तपासणीत सगळा प्लॉट फेल. सगळा म्हणजे सगळा.

तर तुमचे कल्याणभाऊ — माझा नवरा, दुसरा कोण — मागच्या साली भर उपासनेत उभे राह्यले आन् देवाशी करार केला. रविवारी शेडनेटचं दार उघडणार न्हाई. काहून? तर देवानं रानात लोकांना खायला मान्ना दिला, सहाव्या दिवशी दुप्पट दिला, सातव्या दिवशी काहीच न्हाई, तरी कुणी उपाशी मेलं न्हाई. आपण त्याचं पाळायचं, तो आपलं पाहतो. मी म्हणलं, अहो, मान्ना वरून पडायचा, त्याला चिमटा लागत न्हवता. तर म्हणे तुझा विश्वास कच्चा. कच्चा तर कच्चा. आमच्या शेजारणी नवस बोलतात — आधी तू दे, मंग बोकड घे — तो व्यवहार मला कळतो. ह्यांचं सगळं उलटं.

मी चर्चला येत न्हाई ते कंबरेमुळं. रविवारी धरती कंबर. सोमवारी? सोमवारी बरी असती. हसू राह्यले का? हसा. मागच्या हंगामात बी अशीच धरायची — ह्यांनी इस्त्रीचा सदरा घालून भोकरदनच्या चर्चकडं गाडी काढली, की मी मागच्या अंगानं जाळी उचलून — जाळी म्हणजे — सावलीला बसायची. कंबरेला बरं वाटतं.

जाऊ द्या. आता तोंडातून निघालंच तर पुरतं ऐका. तिकडं चर्चात पहिलं गीत चालू व्हायचं तवा इकडं माझी झाडांची पहिली ओळ व्हायची. पावडर लावायची, दोरा बांधायचा, आन् दुसऱ्या दिवशीच्या कळ्या खुडून पदरात भरायच्या, कारण संध्याकाळी ह्यांच्या डोळ्यांदेखत आत कशी जाऊ? कळ्या शेळीनं खाल्ल्या. तिनं बी कुणाला सांगितलं न्हाई. प्लॉट पास झाला, बिलकुल साफ बी. मंग हंगाम सरला, माझी कंबर बी सुटली, ह्यांनी चर्चात साक्ष दिली — आम्ही पाळलं, देवानं दिलं — आन् सगळे आमेन म्हणले. मी बी म्हणले. माझंच मोठं व्हतं.

त्याचा राग न्हाई मला. ह्यांनी मिरवलं, मिरवू द्या, नवराच हाय. पण सोनूबाई हाय ना, माझी थोरली जाऊ — भाऊजी गेल्यापासून एकटीच राबती — तिनं त्या साक्षीवर सगळं वावर शेडनेटखाली घातलं. दुसरं काही पेरलंच न्हाई. कळ्या आता लागल्या, उद्या तिचा पहिला रविवार. काल गेल्ते मी. म्हणलं, जाऊबाई, रविवारी दार उघडा. तर मला म्हणती, "तुझ्या घरी देवानं करून दाखवलं ना गं? मंग माझ्या घरी काहून न्हाई करणार?"

काय बोलू? तुमच्या घरी देवाच्या हाताखाली राबायला मी न्हाई म्हणून? दोन शेडनेट माझ्या एका कंबरेला झेपत न्हाईत, पाळकसाहेब. तुमचं ती ऐकंल. आज दिवस मावळायच्या आत सांगा तिला.

काय म्हणले? विसाव्याच्या दिवसाची आज्ञा मोडली? मी? थांबा. चौथीपर्यंत शिकले मी, वाचता येतं मला. त्या दिवशी काम कुणी करायचं न्हाई ते शास्त्रात एकेकाला मोजून दिलंय — तू, तुझा पोरगा, तुझी पोरगी, गडी, मोलकरीण, बैल, गाढव, दारात आलेला परका माणूस. बायको कुठं हाय? ठेवा बोट. गाढवाला सुट्टी हाय, बायकोचं नाव न्हाई. मी बराबर आज्ञेत राह्यले. बायकोलाच सुट्टी दिली तर गाढवापासून परक्यापर्यंत सगळ्यांना रविवारी खायला कोण घालंल? न्हाई, देव इसरला असं म्हणत न्हाई मी. देवाला बाईचं काम ठाऊक हाय.

उठले? उठा. जाता जाता सोनूबाईचं घर लागतं, गिरणीच्या पुढं. सांगा तिला, माझं नाव घेऊन सांगा. ह्यांना बी सांगा, हे काय घराबाहेर काढायचे न्हाईत मला, भाकरी कोण थापंल? फक्त करार पहिल्यांदा मी मोडला म्हणू नका. देवानं आपल्या बोटानं लिव्हलेल्या आज्ञांच्या पाट्या एकानं डोंगरावरून खाली आणल्या आन् रागाच्या भरात आपटून फोडल्या — कुणी वाचल्या बी न्हवत्या. त्यांच्यावर बायको असंल न्हाईतर नसंल, आता कुणाला कळणार? दुसऱ्यांदा लिव्हून आलं तेवढंच आपण पाळू राह्यलो. जाब इचारायचा तर मला न्हाई, त्या सोनूबाईला बी न्हाई. ज्यानं फोडल्या त्याला इचारा — मोशेला.