वगळलेल्या जोड्या

वहिनी: आता मला काही समजावू नका, भावोजी. तुमच्याच प्रोग्रामने सांगितलंय. चिमणीची छाती भरते, त्या दिवशी आईंनी तिला पावडर लावलेली असते. आजच सांगते त्यांना, सोमवारपासून चिमणी पाळणाघरात.

दीर: आधी टेका तरी. आत्ता तर कामावरून येताय. एका पावडरीपायी आईनं नातीला सांभाळायचंच नाही?

वहिनी: पोरीला श्वास पुरत नाही तेव्हा रात्रभर मी बसते तिला घेऊन. तुम्ही घोरत असता.

दीर: कबूल. आणा तो फोन इकडे. पहिल्यांदा हा प्रोग्राम त्यात घालून दिला तेव्हा काय म्हणाला होतात याला?

वहिनी: म्हटलं, हे यंत्र आहे की लग्नात भेटणारे लांबचे काका? ‘जेवली की तोंड पुसतात.’ ‘झोप झाली की दूध पिते.’ असल्या शेकडो जोड्या! यासाठी मी तिचा घास न् घास टिपून ठेवत होते?

दीर: म्हणून तर बटणं दिली. पटलं तर ‘अजून दाखव’, नाहीतर ‘वगळ’. तुमच्या कलानं शिकत जातं ते.

वहिनी: शिकलंच की. आता कसं कामाचं तेवढंच दाखवतं.

दीर: हं... वहिनी, हे काय? ‘आई कामावर’, वगळ. ‘आई कामावर, रात्री धाप’, वगळ. जिथं जिथं तुमचं काम आलं, तिथं...

वहिनी: मग? त्यात नवीन काय आहे? सगळं जग तेच ऐकवतं मला. बाळ एवढंसं, हिला कामाची कसली घाई! आता फोनकडूनही ऐकून घेऊ?

दीर: तसं नाही हो म्हणत मी.

वहिनी: नोकरी सोडावी लागेल, भावोजी. ते खरं निघालं तर.

दीर: चूक माझी आहे. तुम्ही मान फिरवली की त्यानंही फिरवावी, असं मीच बनवलं. कंटाळून वगळलं की घाबरून, हे त्याला कसं कळावं? मग शेवटी हाती लागली आमची आई अन् तिची पावडर.

वहिनी: वगळलेलं परत येतं?

दीर: येतं. आणू?

वहिनी: थांबा जरा... आणा.

दीर: पावडर तर आई रोजच लावते. धाप लागते तेव्हाही, नाही लागत तेव्हाही. आता तुमचं काम बघू. अरेच्चा! तुम्ही कामावर जाता, पण यायला उशीर होतो, ती झोपलेली असते. त्या रात्री काही नाही.

वहिनी: आणि लवकर आले तर?

दीर: ‘आल्या आल्या कडेवर घेतलं.’ असं लिहिलंय, त्या रात्री धाप.

वहिनी: मी घेतलं म्हणून?

दीर: नुसतं एकापाठोपाठ येतंय, वहिनी. कारण डॉक्टर ठरवतील. पण तुम्ही तिथं दिवसभर करता काय?

वहिनी: कचेरीतल्या जुन्या कागदांची दप्तरं झटकतो. एकेक कागद पुसून फोटो काढायला देतो. अहो, संध्याकाळी नाक शिंकरलं तरी काळं येतं... आणि हेच केस, हेच कपडे घेऊन मी तिला... बाई गं. लवकर आले की कितीदा तर तशीच तिला कुशीत घेऊन झोपलेय.

दीर: हे माझ्या यंत्राला कुठून कळलं असतं?

वहिनी: अजून एक बटण घाला त्यात. ‘आत्ता बघवत नाही’ असं. टाकून देऊ नकोस म्हणावं, बाजूला ठेव. धीर आला की माणूस बघतं.

दीर: घालतो. खरं तर तेच आधी सुचायला हवं होतं.

(आतल्या खोलीतून चिमणीचं रडणं.)

सासूबाई: अगं, आलीस का? घे बाई हिला! तुझा आवाज ऐकला आणि ऐकेचना माझं.

वहिनी: नको, आई. तुम्हीच धरा तिला घट्ट. मी आंघोळ करून येते.