एका ओळीचं काम

...नाही म्हणजे नाही! हाताने ओळी निवडणार नाही, हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं. अहो, तुम्हीच सांगा, पंख्यांची कंपनी, वर्षभरात गिऱ्हाइकांचे जेवढे निरोप आले तेवढे सगळे एकाच फाईलीत, एकाखाली एक, कौतुक काय, चौकशा काय, सगळी सरमिसळ! साहेबांना हव्यात फक्त 'तक्रार' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी. आणि कधी? आजच! नाहीतर उद्यापासूनची सुट्टी रद्द. इकडे सख्ख्या मेहुण्याचं लग्न, बायको बॅगा भरून बसलेली, आणि साहेब चष्मा पुसत म्हणतात कसे, "बसा निवांत, एकेक ओळ वाचा, हवी ती कॉपी करा." निवांत? जन्म जाईल माझा! म्हटलं, साहेब, हे यंत्राला सांगायचं, एका ओळीचं काम!

तुम्हाला सांगतो, सोपं असतं हो. कॉम्प्युटरवरची ती काळी खिडकी उघडायची, 'ग्रेप' असा शोधायचा हुकूम लिहायचा, शब्द द्यायचा, फाईलचं नाव द्यायचं, की धडाधड तेवढ्याच ओळी बाहेर. पुढे एक बाण काढून नव्या फाईलचं नाव लिहिलं की त्या ओळी तिच्यात जाऊन बसतात. तर बायकोचे फोनवर फोन, निघालात का, निघालात का... म्हटलं, अगं निघालोच, एका ओळीचं काम! आणि त्या गडबडीत बाणापुढे मी नवं नाव द्यायचं सोडून... जुन्याच फाईलचं दिलं. आता हे यंत्र काय करतं माहितीये? बाणापुढची फाईल आधी धुऊनपुसून रिकामी करतं, आणि मग शोधायला लागतं! कशात शोधणार, माझ्या डोक्यात? वर्षभराचे निरोप गेले, दुसरी प्रत नाही, आणि मी आपला कोऱ्या पडद्याकडे बघत बसलोय.

तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे. "किती निघाल्या?"

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, "साहेब, फाईलीत एकही तक्रार नाही."

साहेबांचे डोळे भरून आले हो! सुट्टी मंजूर, वर पाठीवर थाप. मी लग्नात ताठ मानेनं मिरवलो. का नाही मिरवणार? हाताने एक ओळ निवडली नाही मी! म्हटलं होतं ना, एका ओळीचं काम!

परत आलो, तर माझ्या टेबलावर पंख्यांची खोकी रचलेली. गिऱ्हाइकांची तक्रारच नाही म्हटल्यावर साहेबांनी तक्रार विभाग बंद करून टाकला. आता याची तक्रार करायची कुणाकडे? त्या विभागात मी एकटाच होतो.