मी नाय जाळला तो चेंडू

मी नाय जाळला हो तो चेंडू! कितीदा सांगू? मी तेव्हा विहिरीवर होते, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, अशा बाईनं चेंडू जाळायचा कुठल्या हातानं, तुमीच सांगा! पण नाय... चार वर्षं झाली, खोपोलीच्या आमच्या वीजघराच्या चाळीत कुणाकडं हळदीकुंकवाला गेले की कोपऱ्यात कुजबूज चालूच. 'हीच गं ती, फिटर मालोजीची बायको. क्लबातला शेवटचा चेंडू चुलीत घातला तो हिनंच!' अन् चेंडू तरी केवढा? लिंबाएवढा हो, आत नुसती हवा!

तुमाला सांगते, बेचाळीस साल होतं. लढाई चालू, साखर मिळंना, रॉकेल मिळंना, अन् आमच्या ह्यांना दुःख कशाचं, तर पिंगपाँगचे चेंडू मिळंनात! बोटीनं यायचे ते, सेल्युलॉइडचे. बोटी थांबल्या तसे चेंडूबी थांबले. वीजघराच्या क्लबात एकच उरलेला, तो सेक्रेटरीसाहेब कापसात गुंडाळून कपाटात ठेवायचे, एखादीनं नथ जपावी तसा.

खेळणारे खरे दोघंच. एक आमचे हे, अन् दुसरे दहिवलीचे येसाजीभावजी. एकाच पाळीला कामाला असायचे, ह्यांना नोकरीला लावलं तेबी त्यांनीच. माणूस लई मायाळू, पण बॅट हातात आली की माया गेली कुठच्या कुठं! दर शनिवारी डाव मांडायचा, दर शनिवारी ह्यांनी हरायचं, अन् घरी येऊन माझ्या भाजीला नावं ठेवायची. आता भाजीचा काय दोष? 

तर येसाजीभावजी लष्करात मेकॅनिक म्हणून भरती झाले. सोमवारी निघायचे, म्हणून शनिवारी शेवटचा डाव. एकवीसचा डाव असतो तो. भावजी वीस, हे सतरा. एकच गुण हवा भावजींना! तेवढ्यात चेंडू टेबलावरनं घरंगळला, हे उचलायला पुढं झाले अन्... टच्! ह्यांच्याच पायाखाली चेपला. सगळे हळहळले, 'अरेरे, चुकून झालं!' भावजी मात्र हसले. 'काय बिघडलं नाय रं मालोजी. कडकडीत पाण्यात टाक, फुगतो परत. नीट झाला तर उद्या डाव पुरा करू, नायतर मी परत आलो की इथनंच पुढं. वीस-सतरा, ध्यानात ठेव.'

चुकून कसलं हो! घरी येऊन हे भिंतीकडं तोंड करून म्हणतात, 'पाय मीच दिला गं. मुद्दाम. आयुष्यात एकदा तरी येसाजीकडनं हरायचं नव्हतं मला.' आता हे मला एकटीला सांगितलं, मग मी कुणाला सांगायचं? तुमी चाळीतले नाय म्हणून बोलते.

रातभर पस्तावले, की सकाळी चेंडू नीट करायचाच. रविवारी सकाळी मी पाण्याला गेले. तोवर ह्यांना धीर कुठला! पाणी तापायची वाट कोण बघणार? चेंडू पळीत घेतला अन् धरला निखाऱ्यांवर. फुस्स! अशी जाळाची जीभ निघाली म्हणता... मी हंडा घेऊन दारात येते तर घरभर कापराचा वास, आरती झाल्यासारखा, अन् हे भुवया जळालेले, हातात रिकामी पळी घेऊन उभे! त्यात कापूर असतो म्हणं, लगेच पेटतो. मग आधी कळायला नको?

अन् सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं तर ह्यांनी काय सांगावं? 'साहेब, बायकोच्या हातनं जळाला.' मी दाराआड उभी! पण ह्यांच्याकडं बघितलं... तोंड असं उतरलेलं, की माझं तोंडच उघडंना.

मग दुसरा चेंडू करायची धडपड! भावजी जायच्या आत डाव पुरा व्हायला हवा ना? घराचं दार काढलं, दोन पिंपांवर आडवं टाकलं, मधे माझं जुनं लुगडं बांधलं जाळी म्हणून, पलीकडं मला उभी केली, हातात पोळपाट! वाडीवरचा पोशा यायचा लाकडाच्या मोळ्या घेऊन, त्यानं भेंडाचा चेंडू कोरून दिला, बाशिंगाला लागतं ना ते भेंड. हलका म्हणजे पिसासारखा. मारला की जरासा तरंगायचा, दारावर पडायचा अन् बसायचा तिथंच, पाहुण्यासारखा! उसळायचं नाव नाय. मग सदू सुताराकडनं लाकडाचा आणला. तो सुटला तो गोफणीतल्या दगडासारखा सरळ, माझ्या पोळपाटाची कड उडाली अन् शेजारच्या गोदाच्या मडक्याला भोक! मग खालापूरच्या बाजारातला रबराचा. तो दारावर आपटला की आढ्याला, आढ्यावरनं उतरंडीला, उतरंडीवरनं माझ्या कपाळाला!

हे डोकं धरून बसले. 'तसा चेंडू दुसरा होणं नाय गं. त्याचं कवच कागदासारखं पातळ, पण ताठ. लागला की जरा दबतो अन् टणकन उसळतो. अंगात वजन नाय, म्हणून हवा त्याला धरते, जोरात मारला तरी पुढं जाऊन मंद होतो, खाली येतो. फिरकी दिली की हवेतच वळतो. जित्ता असल्यासारखा!' अन् हुंदका दिला हो ह्यांनी. लिंबाएवढ्या चेंडूसाठी, आत नुसती हवा!

सोमवारी कर्जतच्या फलाटावर आमी दोघं गेलो. हे सांगणार होते सगळं. गाडी आली, भावजी चढले, हे नुसतं त्यांच्या पेटीकडं बघत राहिले. भावजीच खिडकीतनं म्हणाले, 'काय वयनी, चेंडूची भाजी केलीत म्हणं?' अन् गेली गाडी.

चार वर्षं मग रबराचा चेंडू, आडवं दार अन् मी! सरावच सराव. शेचाळीस साली भावजी आले ब्रह्मदेशातनं. गालफडं बसलेली, केस पांढरे. क्लबात नव्या चेंडूंची पेटी आलेली. भावजी आल्या आल्या म्हणाले, 'वीस-सतरा!'

मी ह्यांना म्हटलं, 'आता तरी सांगून टाका.' तर म्हणे, 'लाज वाटते गं. त्यापरीस एक गुण देऊन टाकतो, फिट्टंफाट!'

क्लब गच्च भरलेला, आमी बायका खिडकीशी. ह्यांनी मुद्दाम टेबलाबाहेर जाईल असा चेंडू मारला. पण हात बसलेला रबराच्या चेंडूवर! नव्या चेंडूला हवेनं धरलं, मंद झाला, अन् उतरला तो बरोबर टेबलाच्या कडेवर. गुण ह्यांचा! अठरा. मग जाळीत मारला, तर जाळीच्या डोक्यावर टेकला, विचार केला, अन् पलीकडं पडला. एकोणीस! लोक टाळ्या वाजवतात, ह्यांना घाम फुटलेला. हरायचंय तर हरता येईना! शेवटी वैतागून ह्यांनी चेंडू सरळ छपराला हाणला. पोरासोरालाही कळावं असा.

एकवीस-एकोणीस. कुणी टाळी वाजवली नाय. भावजींनी बॅट टेबलावर ठेवली. 'हे काय केलंस रं मालोजी? भीक घातलीस?' अन् निघून गेले. परत क्लबात पाऊल नाय.

परवा हे पाळीला गेले असताना भावजी दारात उभे. ओटीवर बसले, पाणी प्याले, अन् मग हळूच म्हणाले, 'वयनी, तिकडं चिखलात तंबू असायचा. पाऊस थांबायचा नाय. तेव्हा मी पडल्या पडल्या तो डाव पुरा करायचो, मनातल्या मनात. रोज निराळा. कधी मी जिंकायचो, कधी मालोजी. तो जिंकला तरी बरं वाटायचं. परत जाऊन खेळायचाय, एवढंच डोक्यात. तेव्हा तुमी तो चेंडू जाळलात ना... लई उपकार झाले बघा. नायतर त्याच रविवारी संपला असता डाव.'

त्यांचे डोळे भरलेले. अन् मी? चार वर्षांत पहिल्यांदा त्या चेंडूवरनं मला कुणी चांगलं बोललं. खरं सांगावं तर ह्यांचा मुद्दाम दिलेला पाय निघायचा, ह्यांची पळी निघायची, अन् ह्या माणसाच्या चार वर्षांची माती व्हायची.

पदर सारखा केला अन् म्हटलं, 'व्हय भावजी. मीच जाळला.'